भोंगा 'बेटा' म्हणतो

मी लिहिलेल्या नरकाला आमच्या विहारात साधुकार मिळाला. तोही तीनदा, हात जोडून, एका सुरात. त्या रविवारपासून माझं डोकं जाग्यावर नाही, म्हणून हे लिहून काढते आहे.

टेंभुर्णीत वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. आषाढ पौर्णिमेला सुरू, आश्विन पौर्णिमेला समारोप. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्त्या, सतरंजी. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. भाग संपला की सगळ्यांनी हात जोडून म्हणायचं, "साधू, साधू, साधू." मग ज्या घराची पाळी असेल त्या घरची खीर. माझी आई शाळेत गेली नाही, पण या वाचनातून तिला पानंच्या पानं तोंडपाठ आहेत. आमच्या वस्तीत वाचण्याला मान आहे तो असा आलेला आहे. वाचणारा पोरगा असला तरी त्याच्यासमोर म्हातारी माणसं हात जोडून बसतात.

यंदा मी विहार समितीपुढे मागणी ठेवली, की रविवारी ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास पोरांना द्या. मी चळवळीत काम करते. काम म्हणजे मुख्यतः पत्रकं. पाण्यावर, बंद पडणाऱ्या शाळांवर, उसाला जाणाऱ्या लेकरांवर. मी लिहिते, जालन्याहून छापून आणते आणि बाजारच्या दिवशी उभी राहून वाटते. लोक घेतात, दोन पावलांवर घडी घालतात आणि पुढच्या गाड्यावर तिच्यातच भजी बांधून घेतात. तेव्हा मला वाटलं, मोठ्यांचा नाद सोडावा, पोरांना धरावं. पोरांसाठी मी एक कादंबरी लिहायला घेतली होती. उद्या जग बिघडलं तर कसं असेल, अशी. शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात अशा पुस्तकांना डिस्टोपियन म्हणतात आणि ती कोपऱ्यातल्या फळीवर असतात. आमच्याकडे पोरांसाठी दोनच प्रकारची पुस्तकं येतात, एक सशाची आणि दुसरं गाइड.

समितीचे अध्यक्ष निवृत्त मास्तर आहेत. त्यांना अख्खं गाव सर म्हणतं. सरांनी विचारलं, "गोष्ट कशाची?"

"एका वाईट शहराची."

"पोरं भितील की."

"सर, पोरं इथंच राहतात. भ्यायचं ते भिऊन झालंय त्यांचं."

सर हसले. "तुझं बोलणं म्हणजे मोर्चाच असतो," म्हणाले, आणि रविवार दिला.

आता घरातलं सांगते, कारण खरी भानगड तिथं आहे. माझा दादा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहे. तिथं दोघांसोबत खोली करून राहतो, सुट्टीला गावी येतो. घरी आई, वहिनी, त्यांची पोरगी आणि मी. वहिनी अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरगी दहावीत आहे. ती नववीत गेली तेव्हा दादानं पुढच्या खोलीत, जिथं ती अभ्यासाला बसते तिथं, भिंतीवर कॅमेरा बसवला. पांढरा, मुठीएवढा, वायफायवर चालणारा. दादा जालन्यात मोबाइलवर बघतो आणि तिथूनच बोलतो. कॅमेऱ्याला मान आहे, ती कुर्र करून वळते. पोरगी उठून पाणी प्यायला गेली की मान मागं वळते.

मी भांडले होते. घरात भिंत फोडून डोळा बसवायचा आणि त्याला काळजी म्हणायचं, हे मला सहन होत नाही. दादा म्हणाला, "तू तुझी पत्रकं वाट." वहिनीनं भांडी घासायला घेतली. आणि आई? आई सरळ कॅमेऱ्याच्या बाजूनं गेली. तिला त्यात पोरगा भेटायचा. सकाळी भाकरी टाकून झाली की ती पदर नीट करून कॅमेऱ्याखाली उभी राहायची आणि वर तोंड करून विचारायची, "जेवला का रे?" मान कुर्र वळायची. भिंतीतून दादाचा आवाज यायचा, "जेवलो आई. तू गोळी घेतली का?" आई गोळीचं पाकीट उंच धरून दाखवायची. अशा माणसाशी काय वाद घालणार?

त्या रागातनं मी कादंबरी लिहिली. कॅमेरा जसाच्या तसा घातला नाही, तेवढी अक्कल मला आहे. मी शहर रचलं. त्या शहरात नळ कधी बंद होत नाही, लाइट कधी जात नाही, रस्त्यावर कचरा नाही. राज्य काळजीखात्याचं. प्रत्येक घराच्या भिंतीत खात्याचा भोंगा. भोंग्याला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. मुलाला जे वाटतं ते त्यानं मोठ्यानं बोलायचं, म्हणजे खात्याला त्याची मदत करता येते. गप्प बसणं हा तिथं गुन्हा. आणि एक पोरगी एके दिवशी सकाळपासून गप्प बसते. बस. पुढं सगळं शहर तिच्यामागे लागतं.

पहिल्या रविवारी मी त्या पोरीचा पहिला दिवस आणि शहराचे नियम वाचले. आवाज चढवून वाचले. प्रत्येक नियमाला मला वाटत होतं, की आता समोरच्यांच्या अंगावर काटा येईल. पोरं पुढं मांडी घालून बसली होती, मागं बाया, भिंतीला टेकून पुरुष. शेवटचा नियम वाचला: "या शहरात कोणतंही मूल कधीही एकटं नसेल." आणि थांबले.

सगळ्यांचे हात जोडले गेले. "साधू, साधू, साधू."

मी उभीच. सवयीनं म्हणाले असतील, असं मनाला सांगून बघितलं. वाचणारा थांबला की हात जोडायचे, हे आमच्या हाडात आहे. मी म्हणाले, "अहो, साधू काय? हा नरक आहे नरक!"

शेजारच्या घरची काकू म्हणाली, "नरकात नळाला रोज पाणी येतं व्हय?"

"ताई, हे गाव कोण्या तालुक्यात आहे?" दुसरी म्हणाली. "नंबर लागंल का तिथं आमचा?"

सगळं विहार हसलं. पोरंही हसली. सर हसू दाबत म्हणाले, "यात वाईट काय आहे ते तू सांगितलंच नाहीस. रस्ता साफ, लाइट आहे, पोरीबाळींवर लक्ष आहे. मीपण जाईन."

"सर, भिंतीतून भोंगा बोलतो!"

"अगं, ग्रामपंचायतीचा पण बोलतो," सर म्हणाले. "तो तर कोणाचं ऐकत पण न्हाई."

पुन्हा हशा. मी कागद गोळा केले. खीर खाल्ली नाही. आमच्या लोकांनी किती सोसलंय, किती झगडून मान वर केली आहे, आणि फुकट नळ दिला की भिंतीतल्या भोंग्याला हात जोडतात! असं काहीबाही मी रस्त्यानं बडबडत होते. सोबत भाची होती, दादाची पोरगी. पण ती मला आत्या कमी आणि मैत्रीण जास्त समजते. ती चप्पल घासत चालत होती.

"आत्या, एक बोलू का? चिडू नको."

"बोल."

"ही गोष्ट न्हाई वाटत. पत्रक वाटतं."

लागलं. मी भराभर चालायला लागले.

"तुझा भोंगा लई ओरडतो. 'नागरिकहो, सावधान!' असं. असा भोंगा असता तर लोकांनी पहिल्याच दिवशी दगड हाणला असता. खरा भोंगा ओरडत न्हाई."

"मग काय करतो?"

"बेटा म्हणतो," ती म्हणाली, आणि चपलेचा अंगठा तुटल्यासारखं खाली वाकली. अंगठा तुटलेला नव्हता.

त्यानंतरचे दिवस मी धड जेवले नाही. वाद घालायला माणूस मिळेना. आई म्हणाली, "चांगली गोष्ट आहे की, त्या पोरीला गप्प बसायचं येडं कामून लागलं तेवढं कळलं न्हाई." वहिनी भांडी घासता घासता म्हणाली, "तिला कोणी विचारलं नसंल." एवढंच. वहिनी अशी अर्धं वाक्य टाकते आणि नळाखाली हात धरते.

मी भाचीला म्हणाले, "पुढच्या भागातलं भोंग्याचं बोलणं तूच लिही. आणि तूच वाच."

"सगळ्यांसमोर?"

"विहारात वाचणाऱ्याला मध्ये कोणी टोकत नाही. तेवढा अर्धा तास तुझा."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "लिहू कुठं?" मला आधी कळलं नाही. पुढच्या खोलीत कॅमेरा होता. ती स्वयंपाकघरात चुलीमागं बसली, तिथं मान वळत नव्हती. आई तिला म्हणाली, "उजेडात बस की." ती म्हणाली, "इथंच बरं आहे." मी दाराशी उभी राहून हे बघत होते. दहावीची पोरगी आपल्याच घरात लिहायला आडोसा शोधते, आणि मी गावोगाव स्वातंत्र्याची पत्रकं वाटते.

पुढच्या रविवारी दादाला सुट्टी होती. तो पहिल्यांदाच आला होता. पांढरा सदरा घालून मागं भिंतीला टेकून बसला. पोरगी वाचणार म्हणून खूश होता. सरांना म्हणाला, "आमच्या पोरीचा आवाज बघा, एकदम बराबर." मी भाचीकडं बघितलं. तिनं बापाला बघितलं होतं. तरी ती कागद घेऊन जागेवर जाऊन बसली.

ती वाचायला लागली. गप्प राहणाऱ्या पोरीचा दुसरा दिवस. सकाळ होते. भिंतीतला भोंगा बोलतो. आणि भाचीनं आवाज बदलला, खाली आणला, मऊ केला.

"उठलीस का बेटा? तोंड धुतलंस? पंखा कमी कर, सर्दी होईल. पाय खाली घे. पाठ सरळ. कोणाचा फोन होता? न्हाई, न्हाई, सहज विचारलं. पाणी प्यायला चाललीस? जा, जल्दी ये. आता कशाला हसलीस? पुस्तकात हसण्यासारखं काय आहे, मलापण सांग. बेटा, मी हाय ना तुझ्यासोबत. मी बघून राह्यलो."

पहिल्या दोन वाक्यांना पोरं खुदखुदली. बाया हसल्या. मग हळूहळू हसू थांबलं. शेजारची काकू पदर तोंडावर धरून दादाकडं बघायला लागली. आणि आमची आई, जिला ग्रंथवाचनात कधी जांभई देतानाही कुणी पाहिलं नाही, ती मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, हे तर आपल्या घरचंच!"

वाचनात मध्ये कोणी बोलत नाही. आईनं जन्मात पहिल्यांदा तो नियम मोडला.

भाची थांबली नाही. भाग पूर्ण वाचला. शेवटी पोरगी भोंग्याकडं पाठ करून बसते आणि भोंगा विचारत राहतो, "बेटा? बेटा?" एवढ्यावर तिनं कागद खाली ठेवले. कुणाचेच हात जुळले नाहीत. दादा उठला, चपला घातल्या आणि खीर न घेता निघून गेला.

मला वाटलं, आपण जिंकलो. खरंच वाटलं. मी घरी येईपर्यंत डोक्यात पुढचं पत्रक तयार केलं होतं. घरी आले तर दादा ओट्यावर बसला होता आणि त्याचा चेहरा बघून पत्रक विरघळलं. पण तोंड गप्प बसेना.

"कळलं का आता?" मी म्हणाले.

"तूच लिहून दिलं ना तिला?"

"एक अक्षर नाही."

"गावासमोर बापाची इज्जत काढायची शिकवण तुझीच." त्याचा आवाज फुटत होता. "तुमचं काय जातं? तुम्ही मीटिंगा घ्या. उद्या पोरीला काही झालं तर तुमची संघटना काय करील? निषेध करील. पत्रक काढील. माझी पोरगी परत येईल का त्या पत्रकानं?"

"काही झालं तर, काही झालं तर! म्हणून तिला जगूच द्यायचं नाही?"

"मी भट्टीसमोर उभा असतो. दहा मिनिटं सुट्टी मिळते चहाला. चहा पीत न्हाई मी. मोबाइल काढतो आणि पोरगी बसलेली दिसली की मंग मला पुढचं काम होतं. हे तुझ्या कादंबरीत कुठं आहे? तुझ्या भोंग्यामागं कोण बसलंय ते लिहिलंस का?"

लिहिलं नव्हतं. माझ्या भोंग्यामागं खातं होतं. खात्याला चहाची सुट्टी नव्हती. पण म्हणून काय डोळा भिंतीत ठेवायचा? मी तेच म्हणाले, आणखी चढ्या आवाजात. वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही दोघं बोलून राह्यले. जिचं आहे तिला बोलू द्या."

भाची दारात उभी होती. विहारात धीटपणे वाचणारी पोरगी आता दाराची चौकट नखानं खरवडत होती.

"पप्पा, मागच्या दिवाळीनंतरचा तो दिवस आठवतो का? तुम्ही भिंतीतून म्हणाले होते, शाब्बास बेटा, आज बिलकुल हलली न्हाई."

"आठवतो. म्हणालो होतो. चांगलंच म्हणालो."

"त्या दिवशी माझ्या बेंचवरची पोरगी शाळा सोडून गेल्ती. आईबापासोबत घनसावंगीकडं, उसाला. मला शाळेत गेल्यावर कळलं. मी घरी येऊन पुस्तक उघडून बसले. एकच पान. मी रडून राह्यली होती पप्पा, पण मान खाली होती म्हणून तुम्हाला दिसलं न्हाई."

दादा ओट्यावरून अर्धा उठला आणि परत बसला.

"रात्री तुमचा फोन आला तव्हा मी सांगणार होते. तुम्ही म्हणाले, सगळं बघितलं मी, छान केला अभ्यास. मंग मी काय सांगू? तुम्हाला सगळं माहीतच असतं. तुम्ही सुट्टीला येता तव्हा मला तुम्हाला सांगायला काही उरलेलंच नसतं."

"मला सांगायचं ना, बेटा." 'बेटा' तोंडातून निघालं आणि दादा थबकला.

"आता सांगितलं," ती म्हणाली.

मला त्या पोरीचं उसाला जाणं माहीत होतं. त्यावर मी पत्रकसुद्धा काढलं होतं. घरातल्या माझ्या भाचीच्या बेंचवरची जागा रिकामी झाली आहे, हे मात्र मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळलं. पण त्या वेळी मला माझं काही सुचत नव्हतं. मी दादाकडं बघत होते. तो हाताची बोटं मोडत होता, एकेक करून, जसा तो स्वतःच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी बसला होता.

तो उठला, आत गेला, स्टूल ओढलं. कॅमेरा काढायला लागला. आई धावली.

"अरे, मंग मी बोलू कशी तुझ्याशी?"

"फोनवर बोल ना आई."

"फोनवर तुला माझं तोंड दिसत न्हाई."

"व्हिडिओ लावून देईल ना ही."

"ते बटण मला दबत न्हाई. हे बरं होतं, वर बघितलं की झालं." आईच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते बघून मला पुन्हा सगळ्यांचाच राग आला. भिंतीतल्या त्या डबीनं माझ्या आईला पोरगा दिला होता आणि पोरीचा बाप घेतला होता, आणि अशा गोष्टीवर कोणत्या शब्दांत निषेध लिहितात ते मला कुणी शिकवलेलं नाही.

दादानं वायर गुंडाळली. स्टुलावर उभा राहूनच पोरीला म्हणाला, "एक अट आहे. रोज संध्याकाळी तू मला फोन करायचा. मी करणार न्हाई. तू करायचा. जे सांगायचं ते सांग, न्हाई सांगायचं ते नको सांगू. पण फोन कर."

"आणि न्हाई केला तर?"

दादानं गुंडाळलेली वायर उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. "न्हाई केला तर मला काम होणार न्हाई," तो म्हणाला.

मला ती अट पटली नाही. अट म्हणजे अटच. मी तोंड उघडलं तर वहिनीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात. दुसऱ्या दिवशी दादा पहाटेच्या जीपनं गेला.

भिंतीवर आता दोन भोकं आहेत. आई पहिले काही दिवस सकाळी पदर नीट करून तिथं जायची आणि मग आठवून मागं फिरायची. भाची तिला व्हिडिओचं बटण शिकवत होती आणि आई मोबाइल इतका जवळ धरायची, की दादाला तिचा फक्त कान दिसायचा. भाची रोज संध्याकाळी दादाला फोन करत होती. कधी लांबलचक, कधी "जेवले, ठेवते" एवढंच. मी कादंबरीचे पुढचे भाग फाडले होते. शेवटी पोरगी मोठा भोंगा पाडते, गावकरी जमतात, घोषणा होतात, असं काहीतरी होतं त्यात. भाचीनं ते वाचून नुसतं "हम्म" केलं होतं. सर रोज विचारत होते, "पोरीचं पुढं काय झालं?" विहारातल्या बाया एकमेकींना विचारत होत्या, की आपल्या घरात भोंगा कोण आहे. एकीनं सांगितलं, सासू. सासू शेजारीच बसली होती. दोन रविवार त्यावरच गेले आणि गोष्ट बाजूला राहिली, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

मग ती संध्याकाळ आली. आई आणि वहिनी विहारात होत्या. मी बाजारातून येऊन ओट्यावर उरलेली पत्रकं लावत बसले होते. पुढच्या खोलीचं दार आतून लोटलेलं. माझा फोन वाजला. दादा.

"तिचा फोन आला न्हाई."

"येईल."

"रोजचा टाइम होऊन गेला. तू कुठं आहेस?"

"ओट्यावर."

"मंग आत जाऊन बघ ना जरा."

मी दाराकडं बघितलं. उठायला काहीच लागत नव्हतं. ओट्यावरची खिडकी उघडी होती, मान थोडी लांब केली असती तरी दिसलं असतं. मी मान लांब केली नाही. पण ती करायची इच्छा मला होत होती, हे मला आवडलं नाही. आतून काहीच आवाज येत नव्हता. पंख्याचासुद्धा नाही.

"बघ ना," दादा म्हणाला. "फक्त बघ. तिच्याशी बोलू नको."

"दादा, ती करते म्हणाली ना?"

"म्हणाली. पण..."

"मग थांब."

"तुला भीती न्हाई वाटत का?"

"वाटते," मी म्हणाले. शाळेत काही झालं असेल का? कुणी काही बोललं असेल का? झोपली असेल. रडत असेल. मला सगळी उत्तरं हवी होती आणि लगेच हवी होती, आणि ती हाताच्या अंतरावर होती.

आत स्टीलचं भांडं खाली पडलं. खणखण करत फिरलं आणि थांबलं.

"काय पडलं?" दादानं विचारलं. "तिथंच आहे ना ती? बोल ना. आवाज आला ना आतून?"

तो आवाज त्यानं ऐकला होता. मी 'हो' म्हटलं असतं तर तो निवांत झाला असता आणि त्याची ड्यूटी बिनघोर झाली असती. एवढा एक शब्द. मी तो शब्द गिळला. त्याच्या मागं कारखान्याचा भोंगा झाला, खरा, शिफ्ट बदलायचा, आणि तो संपेपर्यंत दोघांनीही फोन कानाला धरून ठेवला. फोन चालू. तो तिथं उभा, मी इथं बसलेली, दोघांनाही बघायचं होतं आणि दोघंही बघत नव्हतो.

"तुझा श्वास ऐकू येऊन राह्यला," तो म्हणाला.

"तुझा पण."

मग एकदम त्याचा आवाज बदलला. "ठेव. ठेव जल्दी. दुसरा फोन येऊन राह्यला." आणि त्यानं माझा फोन कापला.

आतून बोलण्याचा आवाज यायला लागला, हळू, शब्द न कळण्याइतका. मी ओट्यावरून उठले आणि लांब, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले, म्हणजे शब्द कळायला नकोत. बराच वेळ उभी होते. ती बापाला काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही. विचारायचं नाही, असं मी ठरवलं आहे. रोज ठरवावं लागतं.